स्वच्छ, कोरडी जागा

दुर्गाबाईंना त्या वर्षी उन्हाळा जरा जास्तच लागला. सोलापूरचा उन्हाळा कुणाला लागत नाही म्हणा. पण एरवी त्या तो अंगावर घेऊन कामाला लागत. त्या वर्षी मात्र सकाळी डोळे उघडल्याबरोबरच दिवस संपून गेल्यासारखे वाटे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. बिऱ्हाड म्हणजे एक खाट, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि दांडीवर वाळत घातलेले पांढरे लुगडे. पुढच्या खोलीत बाया बसत, मधल्या खोलीत मिस टिलमन त्यांना तपासत, आणि दुर्गाबाई दोघींच्या मध्ये उभ्या राहून इकडचे बोलणे तिकडे आणि तिकडचे इकडे करीत. नर्सिंगची परीक्षा त्या पुण्याला पास झाल्या होत्या, पण या दवाखान्यात त्यांचे मुख्य काम जिभेचेच. दुसऱ्याचे बोलणे दिवसभर आपल्या तोंडाने बोलून माणूस किती थकतो, हे ज्याने केले त्यालाच कळेल. संध्याकाळी स्वतःसाठी म्हणून एक शब्द उरत नसे.

मिस टिलमन अमेरिकेच्या होत्या. पण मडम म्हटली की जी गोरी, घाऱ्या डोळ्यांची बाई लोकांच्या नजरेसमोर येते, तशा त्या नव्हत्या. त्या काळ्या होत्या. शेतात उभा जन्म काढलेल्या आपल्याकडच्या बायकांपेक्षाही काळ्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि कानशिलांवरचे दाट कुरळे केस पांढरे झालेल्या. सोलापुरातला मार्शल लॉ उठल्यानंतरच्या साली त्या स्टेशनवर उतरल्या तेव्हा टांगेवाल्याने त्यांच्याशी कानडीत भाव केला. विणकरांच्या गल्लीत बाया त्यांच्याशी तेलुगूत बोलत. उत्तर इंग्रजीत आले की सगळे चाट पडत. पुढे गावाने आपल्या मनाशी एक उलगडा करून घेतला, की ही साहेबांची खरी मडम नव्हे, साहेबांनी टाकलेली कोणीतरी असावी. तो उलगडा अगदीच चुकीचा होता असेही नाही. गोरी मिशनरी मंडळी त्यांना चहाला बोलावीत, चर्चमध्ये शेजारी बसवीत, पण राहायला बंगल्यात खोली द्यायची वेळ आली तेव्हा तिथली हवा त्यांना मानवणार नाही असे ठरले. कुणाला कुठवर येऊ द्यायचे, हे सोलापूरला कुणी समजावून सांगायला नको होते. गाव पाहत होते आणि समजत होते.

पण त्यामुळेच असेल, गिरणीच्या चाळीतल्या बाया त्यांच्याकडे येऊ लागल्या. गोऱ्या डॉक्टरणीपुढे ज्यांची जीभ टाळ्याला चिकटे, त्या या काळ्या बाईपुढे बसून पोटातले सगळे सांगत. ही तर आपल्यातलीच दिसते, असे एकमेकींत म्हणत.

मिस आपल्याबद्दल फारसे बोलत नसत. दुर्गाबाईंना जे कळले ते थोडेथोडे, दवाखाना आवरताना, कात्र्या उकळत ठेवल्यावर. त्यांची आजी गुलाम होती. आजीला मुले किती झाली हे तिच्या मालकाला पाठ होते, कारण तो ती गोठ्यातल्या वासरांबरोबर हिशोबात धरी. आई कापसाच्या शेताच्या कडेला नवव्या बाळंतपणात गेली. जवळ दवाखाना होता, पण तो काळ्यांसाठी नव्हता. मिस मोठ्या झाल्यावर नर्स झाल्या, खेचराच्या गाडीतून खेडोपाडी हिंडल्या, म्हाताऱ्या सुइणींना हात धुवायला शिकवले. पुढे एका चर्चच्या तळघरात त्यांनी एक खोली काढली. ज्या बाईला वाटते की आता काही दिवस मूल नको, तिने तिथे यावे. काळ्या बायांसाठी तसली खोली त्या मुलखात आधी कुणी काढली नव्हती. तिच्यावर गोऱ्यांनी दगड मारले, आणि आपल्याच लोकांपैकी काहींनी, तू आपली माणसे कमी करायला निघालीस, म्हणून बोलणे टाकले. तरी तशा आणखी खोल्या निघाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली त्या चालवीत होत्या. मिस सांगत, आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत. भोंगा झाला की चाळीच्या वाटेने बाया येत, त्यांच्या केसांत कापसाचा भुरका असे. तो दिसला की मिस हटकून गप्प होत.

दवाखान्यात त्यांचा एक नियम होता. आलेल्या बाईला नाव विचारायचे नाही, घर विचारायचे नाही. मुले किती, जगली किती, दुखते कुठे, एवढेच. तिकडे नावे कळल्यामुळे बायांना मार खावा लागला होता, म्हणून. पण नियम मिसचा होता आणि गाव दुर्गाबाईंचे. पदर कितीही पुढे ओढला तरी चालण्यावरून, पाटल्यांवरून, खोकल्यावरून त्यांना बाई ओळखू येई. मिसला खरोखर काही ठाऊक नसे. ठाऊक असण्याचे सगळे ओझे एकट्या दुर्गाबाईंवर होते.

त्या साली विलायतेहून दिवस राहू नयेत म्हणून वापरायची एक नवीन पूड आली. पांढरी, मऊ. ओल्या स्पंजावर टाकली की तिचा फेस होई. ती कशी वापरायची हे मिस एकेकीला आत नेऊन समजावीत, आणि शेवटी प्रत्येकीला सांगत की पुडी स्वच्छ, कोरड्या जागी ठेवा. दुर्गाबाई तेच मराठीत सांगत. जिला मराठी कळत नसे तिला मोडक्या कानडीत सांगत.

गौरव्वालाही त्यांनी तसेच सांगितले. गौरव्वा ही गुरुसिद्धप्पांची मधली सून. गुरुसिद्धप्पा सुताचे मोठे व्यापारी, आणि दवाखाना ज्या जागेत होता तिचे मालक. बाळंतिणींसाठी धर्माचे काम म्हणून त्यांनी ती जागा नाममात्र भाड्याने दिली होती. गौरव्वा देवळाला जाते म्हणून निघाली आणि मागच्या दाराने आली. मागच्या बाळंतपणात तिला झटके आले होते. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही, असे मिसने तिला हातात हात घेऊन सांगितले. ती म्हणाली, "मरायचं भ्या न्हाई मला, बाई. पर धाकटी अजून धरल्याबिगर उभी ऱ्हाईना."

घरी जाऊन तिने सांगितल्याबरहुकूम केले. तीन सुना, नणंद, पोरेटोरे अशा भरल्या घरात तिची स्वतःची अशी एक फळीसुद्धा नव्हती. स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात, ट्रंकेत नणंदेचे. स्वच्छ आणि कोरडी अशी एकच जागा तिला आठवली, जिथे सून अंघोळ करून गेली तर का म्हणून कोणी विचारत नाही. देवघर. तिथल्या कोनाड्यात विभूतीचे दोन पितळी डबे होते. एक रोजचा आणि एक रिकामा. रिकाम्या डब्यात तिने पूड ओतली, झाकण लावले, आणि बहुधा कपाळ टेकून बाहेर आली.

बसवजयंतीला त्या घरी मोठी पंगत असे. सासू संगव्वा पहाटेपासून राबत होती. येईल त्याच्या कपाळाला विभूती लावता लावता रोजचा डबा संपला, म्हणून तिने दुसरा उघडला. भरलेला बघून तिला बरेच वाटले असेल. त्यातली विभूती पंगतीला आलेल्या मठाच्या स्वामींच्या कपाळाला लागली, गुरुसिद्धप्पांच्या लागली, पाहुण्यांच्या लागली. वैशाखाचे ऊन, दाटीवाटी, आणि चुलाण्यावर खीर रटरटत होती. घाम सुटायला कितीसा वेळ? पंगत बसली आणि एकेकाच्या कपाळावर बारीक फेस यायला लागला. आधी पोरे हसली. मग एक म्हातारा डोळा चोळत उठला. कोणी म्हणाले हा चमत्कार आहे, आणि दोघीतिघींनी हातही जोडले. पण पाहुण्यांत चन्नप्पा म्हणून औषधाचे दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बोटावर फेस घेऊन हुंगला, गुरुसिद्धप्पांना बाजूला नेले आणि कानाशी लागून हळू आवाजात सांगितले, की ही पूड गावात एकाच ठिकाणी मिळते आणि ती कशासाठी मिळते.

स्वामी मात्र भला माणूस. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले आणि खीर वाढा म्हणाले.

ही सगळी हकिगत दुर्गाबाईंना मायाक्काकडून कळली. मायाक्का होटगीच्या रस्त्याला राहणारी धनगराची सुईण. मिसच्या हाताखाली शिकल्यापासून तिला सगळ्या घरांच्या बातम्या लागत. सांगताना ती पोट धरून हसली. दुर्गाबाईंच्याही ओठांवर हसू आले, पण ते टिकले नाही. ‘स्वच्छ, कोरड्या जागी’ हे शब्द त्यांचेच होते. खोली एक, माणसे दहा. त्यांना स्वच्छ, कोरडी जागा कुठली, हे आजवर आपल्या मनात आले नाही. मिस परमुलखातली. आपण तर इथल्या.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी गुरुसिद्धप्पा स्वतः आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. बाया बसत त्या बाकावर टेकले. छत्री मिटून गुडघ्याशी धरली. मोठ्याने बोलणारा माणूस नव्हताच तो.

"बाळंतपणाला जागा दिलती मी," ते म्हणाले. "बाळंतपण थांबवायला न्हाई."

दुर्गाबाईंनी ते मिसला सांगितले. मिसनी उत्तर दिले, की थांबवत नाही, लांबवतो. बाई जगावी म्हणून. दुर्गाबाईंनी ते अप्पांना सांगितले. अप्पांनी मान हलवली, पटले म्हणून नव्हे, ऐकले म्हणून. मग बराच वेळ बोलणे असेच इकडून तिकडे गेले. देवाच्या डब्यात असली वस्तू जावी, स्वामींच्या कपाळाला लागावी, चार गावचे पाहुणे बघत असावेत. मिसनी मनापासून क्षमा मागितली. शेवटी अप्पा थेट दुर्गाबाईंकडे वळले.

"तीन सुना हायत घरात. लेक माहेरपणाला आलीय. कुणीच कबूल होईना. सगळ्याच रडायल्यात. मला एवढंच सांगा, कोण आली होती. मग जागा तुमचीच. दारावर पाटी लावा, मी काय म्हणणार न्हाई."

मिसनी विचारले, काय म्हणतात. दुर्गाबाईंनी सांगितले. मिस म्हणाल्या की आपल्याला नाव माहीत नाही, आणि तेच खरे होते. मग त्या दुर्गाबाईंकडे वळल्या. अगदी हळू म्हणाल्या, की छप्पर माझे जाईल तसे तुमचेही जाईल. माझ्या नियमासाठी तुमचे छप्पर खर्ची घालायचा मला अधिकार नाही. काय ते तुम्ही ठरवा.

दुर्गाबाई उभ्या होत्या. नेहमीच्या जागी, दोघांच्या मध्ये. कुणाचे तरी वाक्य हातात असल्याशिवाय तिथे उभे राहायची त्यांना सवय नव्हती.

त्यांना मोहोळचे घर दिसले. भाऊ शरच्चंद्र कचेरीत कारकून, मनाचा चांगला. पण घर वहिनीचे. मागच्या पडवीतली ती जागा, हळदीकुंकवाच्या दिवशी बायका यायच्या आधी आपण होऊन आत सरकायचे, बारशाला पाळण्याकडे बघायचे नाही. अकराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेल्या बाईला जे येते ते सगळे त्यांनी तिथे भोगले होते. इथे शंभर पोरे त्यांच्या हातांत पहिल्यांदा रडली होती, आणि तो हात अशुभ असे कोणी म्हणाले नव्हते. निदान तोंडावर नाही. नाव सांगितले तर हे सगळे राहील. गुरुसिद्धप्पा सुनेला मारणार नाहीत. अक्कलकोटच्या बाजूला तिच्या माहेरी पोचवतील, तिच्या मुली मात्र घरी ठेवून घेतील, आणि पुढच्या लग्नसराईत मुलाचे दुसरे लग्न लावतील. शांतपणे, एक शब्द वर न चढवता. धाकटी कोणाला तरी धरून उभी राहायला शिकेल.

दुर्गाबाईंना एकदम फार थकवा आला.

"मिस काय म्हणायल्यात?" अप्पांनी विचारले.

"मिस काही म्हणत नाहीत, अप्पा," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे मी म्हणते. ती कोण ते मला ठाऊक आहे. आणि मी सांगणार नाही."

अप्पांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. त्यांच्या कपाळावर ताज्या विभूतीचे तीन पट्टे होते. घाम आला होता, पण पट्टे जसेच्या तसे होते. ते उठले.

"अमावास्येला मोकळं करा," ते म्हणाले. दारापर्यंत गेले, आणि मागे न बघता पुढे बोलले, "तोवर पाण्याचं सांगून ठेवतो. टाकी कोरडी पडलीय तुमची."

मिसनी काय झाले ते विचारले नाही. त्यांना कळले असावे. त्या आत गेल्या आणि स्वतःच्या हाताने चहा करून दोन पेले बाहेर घेऊन आल्या. दोघी बाकावर बसून प्यायल्या. चहा फार गोड झाला होता.

मग दिवस कसेतरी गेले. बाया यायच्या बंद झाल्या. दुसरी जागा बघायला दुर्गाबाई उन्हातून हिंडल्या; कुणी जागा मोकळी नाही म्हणाले, कुणी नुसतेच हसले. शरच्चंद्राचा निरोप आला, की केव्हाही ये, घर तुझेच आहे. निरोप मायेचा होता, तरी त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. संध्याकाळी मिस सामान बांधत होत्या. हातातले काम सोडून त्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की परत जावे म्हटले तर तिकडेही आपल्यासाठी वेगळाच बाक आहे. एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर जायला एवढा समुद्र कोण ओलांडणार. हे त्या विनोदाने म्हणाल्या की कसे, दुर्गाबाईंना ठरवता येईना.

अमावास्येच्या आदल्या सकाळी मायाक्का बैलगाडी घेऊन दारात हजर. गाडी हाकायला तिचा नवरा धुळाप्पा. दोघांनी कुणाला काही न विचारता खाटा चढवायला सुरुवात केली.

"कुठे नेतेस गं?" दुर्गाबाईंनी विचारले.

"आमच्या वाड्यावं. कोकरांची खोपी हाय की रिकामी. सारवून ठिवलीया."

"आणि कोकरं?"

"ती बाहीर निजत्यात. तुमच्यावानी शिकल्याली न्हाईत ती, कुटं बी निजत्यात."

दुर्गाबाई म्हणाल्या की लोक तुम्हांलाही नावे ठेवतील. पूड तिथेही वाटली जाईल, हे धुळाप्पाला ठाऊक आहे का? मायाक्काने डोक्यावरचे खोके गाडीत टाकले आणि कमरेवर हात ठेवले.

"मेंढी भलत्या वक्ताला गाभन ऱ्हाऊ नये म्हनून ह्ये एडक्याच्या पोटाला फडकं बांदत्यात. माज्या सासऱ्यानं बांदलं, त्येच्या बानं बांदलं. तवा कुनी पाप म्हनलं न्हाय. मेंढीला दम खाऊ द्यावा लागतो, ह्ये समद्यास्नी कळतंय. बाईचं तेवडं कळंना व्हय?"

धुळाप्पा बैलांकडे बघून गालात हसला. दुर्गाबाईंनी हे मिसला सांगितले. फडक्याचे सांगताना त्यांची जीभ अडखळली, तर मायाक्काने हातवारे करून दाखवले. मिस हसल्या. कितीतरी दिवसांनी. हसता हसता त्या गाडीच्या चाकाला धरून वाकल्या, आणि मग पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले.

होटगीच्या रस्त्याला गाव संपते तिथे तो वाडा होता. काट्याच्या कुंपणातला मेंढरांचा वाडा, एका अंगाला खोपी, बाहेर एक लिंब. मेंढरांचा वास खाटांना लागला, कपड्यांना लागला, मिसच्या पुस्तकांना लागला. रॉकेलच्या डब्यात पाणी उकळायचे. धनगरांच्या बाया आल्या, मग रेल्वेच्या गँगमधल्या आल्या. चाळीतली मात्र एकही फिरकली नाही. लांब पडत होते आणि भीती होती. मिस दुपारच्या खाटेवर पडू लागल्या. वय झाले, एवढेच त्या म्हणत. दुर्गाबाई लिंबाखाली बसून बोळे कापत, आणि गौरव्वाचे काय झाले असेल याचा विचार करीत. बातमी काहीच नव्हती. मायाक्काला त्या घरात आता पाऊल टाकू देत नव्हते. आपण छप्पर घालवले, आणि ती वाचली की नाही हेही कळू नये.

एका दुपारी छकडा येऊन थांबला. आधी गडी उतरला, मग हिरवे इरकली लुगडे नेसलेली एक म्हातारी. तिने गड्याला बैल सावलीत ने म्हणून सांगितले, तो गेला ते पाहिले, आणि मग लिंबाखाली आली. संगव्वा होती. दुर्गाबाई उठल्या. त्यांनी पाणी दिले.

"शेताला निघालेय," संगव्वा म्हणाली. "वाटंत तहान लागली."

शेत उलट्या दिशेला होते. म्हातारीने पाणी संपवले, तांब्या पालथा घातला आणि लिंबाच्या मुळीवर बसली. खोपीतून मिसच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

"ती मडम का?"

"हो. झोपल्यात. उठवू का?"

"नको. दमली असंल." संगव्वाने पदराने मान पुसली. "मला किती झाली ते मी मोजलं न्हाई. जगली तेवढी मोजली. शेवटच्याला जीव गेलाच होता, शिद्धरामेश्वरानं परत धाडला. तवा असलं काय नव्हतं बाई."

दुर्गाबाईंनी तांब्या पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला.

"आमच्या घरात कोण, त्ये तुम्ही मला सांगू नका," म्हातारी म्हणाली. "मी बी सांगत न्हाई. मालकास्नी मी म्हटलं, डबा मीच बाजारातनं भरून आणला, भेसळ निघाली, दुकानदाराला शिव्या घाला. त्यास्नी पटलं न्हाई. पर बायकूला खोटं कसं पाडणार?" तिने कनवटीतून एक पितळी डबा काढला. घासून लख्ख केलेला, रिकामा. "हितं अजून हाय का ती पूड?"

दुर्गाबाई सवयीने खोपीकडे वळल्या, मिसला सांगायला. मग तशाच थांबल्या. खाटेखालचा पत्र्याचा पिंप त्यांनी हळूच ओढला आणि डबा भरला, काठोकाठ. झाकण दाबून बसवले. नेहमीचे वाक्य तोंडात आले, स्वच्छ, कोरड्या जागी ठेवा. पण ते बाहेर पडेना.

"देवघरात मात्र…" त्या म्हणाल्या.

"देवाचं नाव काढू नका." संगव्वाने डबा कनवटीला लावला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "तांदळाच्या मडक्यात ठिव म्हणून सांगते तिला. त्यात माझ्याबिगर कुणाचा हात जात न्हाई."